येणेकरी होऊन गेलेली कंपनी

धरमतर खाडीच्या मुखाशी एका काठावर रेवस आहे, दुसऱ्या काठावर करंजा, आणि बंदराच्या पाण्यापलीकडे मुंबई. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच जाते, इतके हे अंतर जवळचे. ईस्ट इंडिया कंपनीला मात्र हेच पाणी ओलांडून अलिबागच्या मुलखात राज्यकर्ती म्हणून यायला १७२ वर्षे लागली. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने तिला मुंबई बेट वर्षाला दहा पौंड खंडाने दिले आणि १८४० मध्ये तिने आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा केले. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कंपनी इकडच्या काठावर सत्ताधारी म्हणून आली तेव्हा ती व्यापारी उरलीच नव्हती. १८३३ च्या सनद कायद्याने तिचा व्यापार पूर्ण बंद केला होता. मुंबईकरांनी कंपनीची वखार पाहिली, गोदामे पाहिली, तिच्याशी व्यवहार करून काहींनी पैसाही केला. कुलाब्याच्या रयतेने तिचे दुकान कधी पाहिलेच नाही. रयतेच्या वाट्याला कंपनी आली ती थेट वसुलीला. म्हणूनच ‘व्यापारी म्हणून आले आणि राज्यकर्ते झाले’ हे शाळेत पाठ केलेले वाक्य या किनाऱ्यावर अपुरे पडते. ज्या संस्थेचा व्यापार संपला तिने नवे मुलूख कशासाठी घ्यावेत, आणि त्या मुलखांचे उत्पन्न नेमके कोणाच्या खात्यावर जमा व्हावे, हे प्रश्न ते वाक्य विचारतच नाही.

या प्रकरणाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सनदी कंपनीचे राज्य आणि राजाचे राज्य यांतला मुख्य फरक जुलमाच्या प्रमाणात नाही, हिशेबाच्या पद्धतीत आहे. राजा हरला की त्याची सत्ता संपते आणि बहुधा त्याचे येणेही संपते. कंपनीची सत्ता संपते तेव्हा ती भरपाई मागते, आणि ज्या मुलखावर तिने राज्य केले त्या मुलखालाच ती द्यावी लागते. शिवाय वसुलीसाठी घडवलेली कायद्याची अवजारे ती सोबत नेत नाही. ती नव्या धन्याच्या हाती जातात आणि पुष्कळदा आणखी धारदार होतात. कंपनीचा वारसा शोधायचा तो टाउन हॉलच्या पायऱ्यांवर किंवा किल्ल्यांवरच्या तोफांत नव्हे, या दोन ठिकाणी शोधायला हवा: राहिलेल्या येण्यात आणि राहिलेल्या अवजारांत.

हिशेबाची ही पद्धत मुंबई बंदराच्या तोंडाशी फार लवकर दिसली. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईत ये-जा करणाऱ्या जहाजांवर तिथून नजर राहणार, हे इंग्रजांनी ओळखले. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराशी त्यांच्या चकमकी झाल्या. त्यांत इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्यांत कॅप्टन रिचर्ड केग्विन होता. लष्करी दृष्टीने बेट फार मोलाचे होते, पण लढाईचा खर्च व्यापाराच्या वहीत बसेना. अखेर इंग्रजांनी वेढा आवरला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. पुढे कंपनीने मुंबईच्या शिबंदीवरच्या खर्चालाही कात्री लावली. १६८३ च्या डिसेंबरात याच केग्विनने बंड केले, कंपनीच्या अधिकाऱ्याला कैद केले आणि मुंबई आपण राजाच्या नावाने चालवतो असे जाहीर केले. जवळजवळ वर्षभर मुंबईत कंपनीचा अंमल नव्हता. नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीच्या अटीवर त्याने शहर परत सोपवले. ज्या माणसाने कंपनीसाठी खांदेरीवर तोफा डागल्या त्यालाच चार वर्षांनी ती नको झाली, ही केवळ एका तापट कप्तानाची गोष्ट नव्हती. लंडनमधल्या भागधारकांच्या सोयीने शहर चालवले की त्या शहराची गरज नेहमी खर्चाच्या रकान्यात पडते, हे तिथल्या इंग्रज शिपायालाही उमगले होते. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा प्रकार होता, आणि उंट सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाइतका दूर उभा होता.

पुढच्या शतकात अलिबागच्या बाजूने कंपनीला बळाने शिरता आले नाही. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात १७१८ मध्ये खांदेरीवरचा हल्ला फसला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले, तेही हात हलवत परतले. कान्होजी आंग्र्यांच्या हयातीत, म्हणजे १७२९ पर्यंत, हा किनारा कंपनीला दुरूनच पाहावा लागला. १७५६ मध्ये विजयदुर्गाजवळ तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले ते पेशवे आणि इंग्रज एकत्र आल्यावर, म्हणजे घरभेदीपणाने. पेशवाई १८१८ मध्ये संपल्यावर १८२२ च्या तहाने अलिबागच्या आंग्र्यांनी कंपनीचे वर्चस्व मानले. आणि मग शेवटची चढाई झाली ती जन्म-मृत्यूच्या नोंदीवरून. डिसेंबर १८३८ मध्ये रघूजी आंग्रे वारले. त्यांच्या पश्चात जन्मलेला मुलगाही १८४० मध्ये गेला. घराण्यातल्या स्त्रियांनी दत्तकाची परवानगी मागितली, कंपनीने नाकारली आणि संस्थान खालसा झाले. दत्तक नामंजूर करून संस्थाने गिळण्याचे धोरण आपण डलहौसीच्या नावावर टाकतो, पण तो हिंदुस्थानात आला १८४८ मध्ये. कुलाब्याचा घास त्याआधी आठ वर्षे घेतला गेला होता. लंडनच्या संचालकांनी १८४१ मध्ये तर आपल्या अधिकाऱ्यांना लेखी बजावले की, मुलूख किंवा महसूल रास्त मार्गाने वाढवण्याची संधी यापुढे सोडायची नाही. डलहौसीने ही रीत शोधली नाही. त्याने ती झपाट्याने राबवली.

व्यापार सोडलेल्या कंपनीला महसुलाची एवढी निकड का असावी? याचे उत्तर १८३३ च्या कायद्यातच आहे. कंपनीचा व्यापार बंद करताना पार्लमेंटने तिच्या भागधारकांना वाऱ्यावर सोडले नाही. साठ लाख पौंडांच्या भांडवलावर साडेदहा टक्के दराने वर्षाला ६ लाख ३० हजार पौंडांचा लाभांश कायम ठेवला, आणि तो द्यायचा ठरवला हिंदुस्थानच्या महसुलातून. ही तजवीज १८७४ पर्यंतची होती. त्यानंतर शंभर पौंडांच्या भागाला दोनशे पौंड देऊन भाग सोडवून घ्यायचे, असेही त्यात होते. लाभांश म्हणजे नफ्यातला वाटा. इथे नफा मिळवणारा धंदाच उरला नव्हता, तरी वाटा राहिला. म्हणजे शेतसारा, मीठ आणि अफू यांच्या वसुलीलाच नफ्याची जागा मिळाली. १८५८ मध्ये राणीच्या सरकारने कारभार हाती घेतला तेव्हा कंपनीचे कर्ज आणि हा लाभांश दोन्ही हिंदुस्थानच्या महसुलावर बोजा म्हणून चढवले गेले. कुलाब्यावर कंपनीने राज्य केले १८ वर्षे. तिचे राज्य गेल्यावर तिच्या भागधारकांना लाभांश मिळत राहिला आणखी १६ वर्षे. १ जून १८७४ रोजी कंपनी रीतसर विसर्जित झाली, तेव्हा ती पराभूत राज्यकर्ती म्हणून गेली नाही. चुकते झालेले येणे खिशात घालून ती गेली.

आता अवजारांकडे वळू. धरमतर खाडीच्या परिसरात, विशेषतः उरण, पेण, पनवेलच्या बाजूला, जुना धंदा मिठाचा. उधाणाचे पाणी बांध घालून आत घ्यायचे, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत ते घट्ट होऊ द्यायचे, आणि उन्हाळ्यात कुंड्यांतून मीठ ओढून राशी घालायच्या, हे आगरी कुटुंबांचे पिढीजात कसब. पहिल्या पावसाच्या आत सगळे उरकायचे, कारण एक अवकाळी सर महिन्यांची मेहनत विरघळवून टाकते. या मिठाचा उत्पादनखर्च अगदी किरकोळ. १८३७ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मिठागरावरच मणाला आठ आणे कर बसला आणि मिठाची किंमत मिठाने ठरण्याऐवजी कराने ठरू लागली. कर चुकवला जाऊ नये म्हणून मग आगरावर पहारा आला, माल हलवायला परवाना आला, वजनाची आणि नोंदीची यंत्रणा आली. ज्या खाजणात पाणी नैसर्गिकपणे सुकून मीठ धरते तिथून मूठभर उचलणेही गुन्हा ठरण्याची वाट इथूनच सुरू होते. पण खरी गंमत पुढे आहे. कंपनीच्या हातून कारभार गेल्यावर हा कर कमी व्हायला हवा होता. उलट तो वाढतच गेला: १८६५ मध्ये दीड रुपया, १८६९ मध्ये एक रुपया तेरा आणे आणि १८७७ मध्ये अडीच रुपये. आठ आण्यांचे अडीच रुपये व्हायला चाळीस वर्षे लागली आणि त्यातली बहुतेक वाढ कंपनीनंतरची आहे. अवजार कंपनीने घडवले, त्याला धार लावली तिच्या वारसाने. हा कर पूर्णपणे उठला तो १९४७ मध्ये. मिठाच्या जमिनी मात्र केंद्राच्या मीठ खात्याकडे राहिल्या. २०२० मध्ये कांजूरमार्गच्या मेट्रो कारशेडवरून केंद्र आणि राज्य सरकार न्यायालयात समोरासमोर आले, ते अशाच जमिनीच्या मालकीवरून.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, आंग्र्यांचे राज्य म्हणजे काही रामराज्य नव्हते. त्यांचे दस्तक घेतल्याशिवाय जहाज सुखरूप जात नसे. इंग्रजांनी त्यालाच चाचेगिरी म्हटले. जमिनीवरही खोत, इजारदार, वेठ आणि नाना पट्ट्या होत्याच. अलिबागजवळच्या चरी गावातून १९३३ मध्ये सुरू झालेला आणि सहा वर्षे चाललेला शेतकऱ्यांचा संप खोतांविरुद्ध होता, आणि खोती ही कंपनीने आणलेली नव्हती. शिवाय मिठावरचा कर बसवताना कंपनीने मुंबई इलाख्यातली अंतर्गत जकात उठवली होती. नाक्यानाक्यावर माल अडवण्यापेक्षा एका ठिकाणी कर घेणे व्यापाराला सोयीचे होते. दगडापेक्षा वीट मऊ, असे म्हणणाऱ्यांची ही बाजू पोकळ नाही आणि ती टाळता कामा नये. पण ती दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देते. कोणाचा कर जड होता हा वाद नाही. कर कुठे खर्च झाला आणि त्याविरुद्ध गाऱ्हाणे कोणापुढे मांडता आले, हा आहे. आंग्र्यांचा दरबार अलिबागला होता, टांकसाळ तिथेच होती, अलिबागी रुपया तिथे पडत होता. वसूल झालेला पैसा आरमारावर, किल्ल्यांवर, देवस्थानांवर, घराण्यातल्या भांडणांवर, भल्याबुऱ्या कारणांनी पण याच किनाऱ्यावर फिरत होता. साडेदहा टक्क्यांचा लाभांश ज्यांना मिळाला त्यांतल्या बहुतेकांनी अलिबाग नकाशावरही पाहिले नसेल. जकात उठवण्याचे उदाहरण तर याच बाजूने बोलते. सुटका व्यापाऱ्याची झाली आणि भरपाई मीठ खाणाऱ्या प्रत्येकाकडून झाली.

हे फक्त हिंदुस्थानात घडले असते तर त्याला योगायोग म्हणता आले असते. पण सनदी कंपन्यांचा इतिहास जगभर हाच नमुना दाखवतो. १६७० मध्ये सनद मिळालेल्या हडसन बे कंपनीने १८६९-७० मध्ये उत्तर अमेरिकेतला अवाढव्य प्रदेश कॅनडाच्या हवाली केला. त्याबदल्यात तीन लाख पौंड घेतले आणि सुपीक पट्ट्यातला विसावा हिस्सा जमीनही राखून ठेवली. तिथे आधीपासून राहणाऱ्या मूळ रहिवाशांना या सौद्यात कोणी विचारले नाही. रॉयल नायजर कंपनीची सनद १९०० मध्ये संपली तेव्हा ब्रिटिश सरकारने तिला ८ लाख ६५ हजार पौंड दिले, आणि काही भागातल्या खाणींच्या स्वामित्वधनातला अर्धा वाटा ९९ वर्षांसाठी लिहून दिला. सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने उत्तर ऱ्होडेशियाचा कारभार १९२४ मध्ये सोडला, पण खनिजांवरचा हक्क सोडला नाही. तांब्याच्या खाणी भरात आल्या त्या त्यानंतर. त्यांचे स्वामित्वधन कंपनी चाळीस वर्षे घेत राहिली आणि १९६४ मध्ये झांबिया स्वतंत्र होण्याच्या अगदी तोंडावर वीस लाख पौंड ब्रिटनने आणि वीस लाख झांबियाने, अशी तडजोड होऊन हा हक्क सुटला. खंड वेगळे, शतके वेगळी, माल वेगळा. पण कंपनी निघताना दार ओढून घेते आणि किल्ली विकते, हे सगळीकडे सारखे.

दुसरा आक्षेप अधिक मुद्द्याचा आहे. १७८४ पासून कंपनीवर लंडनमध्ये सरकारी नियंत्रण मंडळ बसले होते. युद्ध, तह, मोठी धोरणे यांत शेवटचा शब्द मंत्र्यांचा होता. मग कंपनीला वेगळे काढून दोष का द्यायचा? हे सगळे ब्रिटिश साम्राज्यच नव्हे का? काही अंशी ते खरे आहे आणि मिठाच्या कराची वाढ तेच सांगते. पण पडदा वापरला जातो तेव्हा पडद्यालाही काम असते. सरकारने थेट मुलूख जिंकला की त्याचा खर्च पार्लमेंटपुढे मांडावा लागतो, तिथे प्रश्न विचारले जातात. कंपनीच्या नावाने जिंकला की खर्च जिंकलेल्या मुलखाच्या वहीत जातो आणि फायदा भागधारकांच्या. जबाबदारी विचारायला गेले तर सरकार कंपनीकडे बोट दाखवते आणि कंपनी सरकारकडे. कुलाब्याच्या आंग्रे घराण्याने दाद मागायची तरी कोणाकडे? मुंबईच्या गव्हर्नरला कलकत्त्याची मंजुरी लागे, कलकत्त्याला संचालकांची, संचालकांना नियंत्रण मंडळाची. निर्णय मात्र पहिल्याच पायरीवर होऊन मुलूख ताब्यात आलेला असे. सरकार आणि कंपनी यांची ही सरमिसळ साम्राज्याची चूक नव्हती, सोय होती. साम्राज्याचा दोष आणि कंपनीचा दोष वेगळे करता येत नाहीत म्हणून कंपनीला सोडून द्यावे, हा युक्तिवाद उलटाच लागू पडतो.

या सरमिसळीचा सर्वांत टिकाऊ वारसा जमिनीच्या कायद्यात आहे. सार्वजनिक कामासाठी खासगी जमीन सक्तीने घेण्याचा पहिला नियम कंपनीने १८२४ मध्ये बंगालमध्ये केला. रस्ते आणि कालवे यांच्याबरोबर त्यात मिठाच्या खात्याने घेतलेल्या जमिनींच्या दाव्यांचीही तरतूद होती, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलके आहे. १८३९ मध्ये मुंबई बेटासाठी तसा कायदा आला, १८५० मध्ये रेल्वेसाठी बंगालच्या नियमाची व्याप्ती वाढली, १८५७ मध्ये कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकच कायदा झाला. राणीच्या राज्यात १८६३ मध्ये खासगी कंपन्यांच्या कामांसाठीही सरकारने जमीन घेऊन द्यावी अशी सोय झाली आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्यात ‘कंपन्यांसाठी संपादन’ असा स्वतंत्र भागच आला. हा कायदा स्वतंत्र भारतात पासष्टहून अधिक वर्षे चालला. रद्द झाला तो १ जानेवारी २०१४ पासून. मधल्या काळात त्याचा प्रयोग रेवसच्या समोरच्याच बाजूला झाला. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानंतर उरण, पेण आणि पनवेल तालुक्यांतल्या गावांची जमीन ‘महामुंबई’ या खासगी क्षेत्रासाठी घेण्याच्या नोटिसा निघाल्या. खारेपाटातली भातशेती, मिठागरे आणि गावे यांच्यावर एक कंपनी शहर उभारणार होती, आणि जमीन मिळवून देण्याचे काम शासन करणार होते, तेही १८९४ च्या कायद्याच्या बळावर.

इथे तिसरा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. आजची कंपनी सैन्य बाळगत नाही, न्यायालये चालवत नाही, कर बसवत नाही. तिच्यावर निवडून आलेले सरकार आहे, संविधान आहे, उच्च न्यायालय आहे. प्रत्येक मोठ्या उद्योगाला ‘नवी ईस्ट इंडिया कंपनी’ म्हणणे ही घोषणा म्हणून ठीक, विश्लेषण म्हणून आळशीपणा. रेवस-करंजा पूल, रेवस-आवरे बंदर, रेवस-रेड्डी सागरी मार्ग या कामांची मागणी इथल्या लोकांनीही केली आहे, आणि ती उभी करायला कंपन्या लागणारच. हे सगळे मान्य. पण फरक नेमका कुठे पडला हे पेणने दाखवून दिले. सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महसूल यंत्रणेने शेतकऱ्यांचे मत घेतले. बहुतांश कौल विरोधात गेला, पुढे संपादनाची मुदत उलटली आणि प्रकल्प बारगळला. १८४० मध्ये कुलाब्यात असा कौल कोणी मागितला नव्हता. कंपनी असणे-नसणे हा निर्णायक मुद्दा नव्हता. नाही म्हणण्याची सोय असणे हा होता. आणि ती सोय जुन्या कायद्यात नव्हतीच. शेतकऱ्यांच्या आंदोलनाने ती बाहेरून आणून बसवली. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली, तेव्हा १८२४ पासूनच्या एका लांब परंपरेत पहिल्यांदाच जमीनधारकाची मर्जी कायद्याने मोजली गेली.

म्हणून कंपनी राजवटीचा अभ्यास ही केवळ जुन्या अन्यायाची उजळणी राहू नये. कुठलेही शासन कुठल्याही कंपनीला बंदर, रस्ता, खाण किंवा शहर लिहून देते तेव्हा त्या कराराला तीन प्रश्न विचारायला हा इतिहास शिकवतो. फायद्याचा हिशेब कोणाच्या वहीत आणि तोट्याचा कोणाच्या? ज्यांची जमीन आणि पाणी आहे त्यांना नाही म्हणता येते का, आणि म्हटले तर ते टिकते का? आणि करार संपेल त्या दिवशी कोण कोणाचे देणे लागेल? पहिले दोन प्रश्न आपल्याकडे अलीकडे विचारले जाऊ लागले आहेत. तिसरा अजून क्वचितच विचारला जातो. सनदी कंपन्यांनी सर्वांत मोठी कमाई केली ती मात्र नेमकी त्याच कलमात.